'उंबऱ्या'चं पहिलं कार्ड

पद्माताई चौगुल्यांच्या नावावर एकेचाळीस शब्द होते आणि निलोफर तांबोळीच्या नावावर दोनशे बारा. एकेचाळीस जमवायला पद्माताईंची एकतीस वर्षं गेली होती. निलोफरला नोकरीला लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती. हे आकडे पद्माताईंना रोज सकाळी दात घासताना आठवायचे आणि चूळ भरली तरी तोंड कडूच राहायचं.

मिरजेच्या लोकभाषा नोंद केंद्रात शब्द नावावर लागायची एक रीत होती. वेचक, म्हणजे गावोगाव हिंडून शब्द गोळा करणारा माणूस, नवा शब्द ऐकला की त्याचं कार्ड लिहायचा. ते कार्ड त्या शब्दाचं पहिलं ठरलं तर कोशात शब्दापुढं त्या वेचकाची अक्षरं छापली जायची. त्यानं बढती मिळत नसे की सत्कार होत नसे, तरी वेचक त्या दोन अक्षरांवर जीव टाकायचे. कोशाच्या जाडजूड पानांत 'प. चौ.' कुठं कुठं आहे हे पद्माताई डोळे मिटून सांगू शकत होत्या.

निलोफर वाईट असती तर बरं झालं असतं. मनसोक्त राग तरी करता आला असता. पण ती डब्यातली पहिली पोळी ताईंच्या पुढ्यात ठेवायची, चढावर त्यांची पिशवी घ्यायची आणि भेटेल त्याला सांगायची, "मला जे येतं ते पद्माताईंनी शिकवलंय." शिकवलं होतंच. तेच तर खुपत होतं.

आता केंद्रातल्या अर्थकाट्याविषयी, म्हणजे शब्दांचा अर्थ मोजणाऱ्या संगणकाविषयी, थोडं सांगायला हवं, कारण पुढचं रामायण त्यानंच घडवलं.

काट्याचं तत्त्व सोपं होतं. शब्द कुणाच्या संगतीत बसतो यावरून त्याचा अर्थ ठरवायचा. 'चहा' हा शब्द दूध, साखर, कप, टपरी यांच्या आसपास फिरतो. 'कॉफी'ही त्याच गल्लीत राहते, म्हणून काट्याला दोघं शेजारी वाटतात. कोट्यवधी वाक्यं चाळून काटा प्रत्येक शब्दाला एका न दिसणाऱ्या नकाशावर जागा देत असे. संगत बदलली की शब्दाची जागा सरकायची. कुठल्या तालुक्यात, कुठल्या गटात, कुठल्या आठवड्यात किती सरकली, ते काटा दशांशापर्यंत सांगायचा.

घोळ झाला तो नेटवरच्या राजकीय शब्दांचा. एका पक्षानं शिवी म्हणून एखादा शब्द काढावा, दुसऱ्यानं तोच छातीवर मिरवावा, मग पहिल्यांनी त्या मिरवण्याची टर उडवायला तोच शब्द कौतुकानं वापरल्याचं सोंग आणावं, असं सुरू झालं की काटा गरगरायचा. वाक्य तेच, संगत तीच आणि बोलणाऱ्याच्या मनातलं नेमकं उलटं. त्यात निम्मी वाक्यं माणसांनी लिहिलेलीसुद्धा नसायची. काट्याला शब्द दिसत होते, पण माणसाचा चेहरा दिसत नव्हता.

म्हणून कार्ड. हातानं लिहिलेलं, ऐकलं त्याच दिवशी लिहिलेलं, छापील क्रमांकाचं. कोण बोललं, कुठं, कुणाला, काय वाक्य होतं, आणि शेवटचा रकाना 'ऐकताना काय दिसलं'. नकाशा या कार्डांना बांधलेला असे, तंबू खुंट्यांना बांधतात तसा. एका कार्डाचं वजन नेटवरच्या चाळीस हजार वाक्यांइतकं धरत, आणि पहिल्या कार्डाचं दुप्पट. एवढा भरवसा टाकायचा तर नियमही तसाच कडक होता. एक कार्ड खोटं निघालं की त्या वेचकाची सगळी कार्डं पेटीतून बाहेर. कारण एक खोटं लिहिणाऱ्यानं बाकीची खरी लिहिली असतील हे कुणी सांगावं? एकतीस वर्षांत तशी वेळ कधी आली नव्हती.

आणि मग 'उंबऱ्या' आला.

पहिल्यांदा तो शब्द तिकिटासाठी पुढाऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्याला लावत असावेत. महिन्याभरात कुणीतरी तो उंबऱ्यावर उभं राहून ना आत ना बाहेर करणाऱ्या काठावरच्या माणसाला लावला. मग एका पक्षाच्या पोरांनी तो उचलला आणि घरोघरी फिरून काम करणारा, गाडीत न बसणारा कार्यकर्ता म्हणजे उंबऱ्या, असं म्हणत टोपीवर छापला. दुसऱ्या पक्षानं लगेच सांगितलं की मेला तरी पक्षाचा उंबरा न ओलांडणारा निष्ठावंत म्हणजे उंबऱ्या, आणि तसे आमच्याकडेच आहेत. त्यावर पहिल्यांनी घरात दडून बसणाऱ्या भित्र्याला उंबऱ्या म्हणायला सुरुवात केली.

पद्माताईंचे यजमान श्रेणिकभाऊ निवृत्त होऊन सकाळच्या फिरायच्या मंडळात रमले होते. एक दिवस ते मोबाइल हातात धरून हताश होऊन बसले.

"अगं, हे बघ. सोमवारी मला ग्रुपवर उंबऱ्या म्हणाले, मी भांडलो. बुधवारी वाळवेकरला म्हणाले, तर त्यानं सगळ्यांना इडली खिलवली. आज मी वाळवेकरला म्हणालो, तर तो बोलेना झालाय. मी करू तरी काय?"

"मोबाइल ठेवा आणि भाजी निवडा," पद्माताई म्हणाल्या. त्यांचं चित्त भाजीतही नव्हतं. आदल्याच दिवशी कोरे सरांनी, म्हणजे केंद्राच्या संचालकांनी, सांगितलं होतं की 'उंबऱ्या' हा या दशकाचा शब्द ठरणार आणि त्याचं पहिलं कार्ड निलोफरचं आहे. चार वर्षांपूर्वीच्या मार्चचं, केंद्रात शिकाऊ असतानाचं. बोलणारी खणभागातली एक बाई, दारोदार फिरून लहान मुलांना डोस पाजणाऱ्या बायांविषयी कौतुकानं बोलत होती.

हा शब्द आपण त्याच्याही आधी ऐकला होता, याची पद्माताईंना खात्री होती. कुठं, कुणाच्या तोंडून, ते काही केल्या आठवेना. गावठी शब्द, काय लिहायचा, म्हणून सोडून दिला असणार. आणि तोच शब्द या पोरीनं उचलला. दोनशे बारा शब्दांनी पोट भरलं नव्हतं का हिचं?

दुपारी त्यांनी कपाट आवरायला काढलं. एका जुन्या कार्डवहीत शेवटचं एक कार्ड कोरं उरलं होतं. सहा वर्षांपूर्वीची वही. पद्माताईंनी बराच वेळ ते मांडीवर ठेवलं. आपण खोटं कुठं बोलतोय, ऐकलं तर होतंच, फक्त जागा भरायच्या राहिल्यात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग सहा वर्षांपूर्वीची तारीख टाकून मालगावच्या बापू ऐनापुरेंचं नाव घातलं. बापूंची चहाची टपरी होती आणि ते वारून चार वर्षं झाली होती. वाक्य लिहिलं, 'तिकिटासाठी दारं पुजत फिरणारा उंबऱ्या मेला!' शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'कपाळाला आठ्या. तुच्छतेनं थुंकून बोलले. ऐकणारे कुत्सित हसले.' अक्षर नेहमीसारखंच नेटकं आलं.

दुसऱ्या दिवशी 'जुन्या वहीत सापडलं' म्हणून त्यांनी ते कोरे सरांपुढं ठेवलं. सरांनी दोन्ही हात जोडले. निलोफरनं बाजारातून पेढे आणले आणि पहिला ताईंच्या तोंडात घातला.

"मला वाटलंच होतं, ताई. इतका मोठा शब्द तुमच्या हातून सुटेल कसा?"

पेढा गोड होता. तो गिळायला पद्माताईंना पाण्याचा अख्खा पेला लागला.

तीन आठवड्यांनी शालन कांबळे त्यांच्या दारात आली. शालन त्या भागातली आशा कार्यकर्ती. पद्माताईंच्या आईला अंथरुणात पडून जखमा झाल्या, तेव्हा ही बाई आठ महिने रोज येऊन ड्रेसिंग करून गेली होती. एकदासुद्धा तिनं नाकाला पदर लावला नव्हता. यंदा ती नगरसेवकपदासाठी भरमूअण्णांविरुद्ध अपक्ष उभी होती आणि तिची हवा चांगली होती.

"ताई, माजा अर्ज बाद करायला निगालेत," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

"बस आधी. कशासाठी?"

"भाषणात म्या म्हणलं, भरमूअण्णा वयानं मोठे, पंचवीस वर्सांमागं ते पक्के उंबऱ्या व्हते, त्यांच्याकडनंच मी घरोघरी जायाला शिकले. म्हंजे चांगलंच बोलले न्हवं? तर अण्णांची मानसं म्हणत्यात, शिवी दिली. आता त्यो काटा लावलाय त्यांनी."

निवडणुकीचा नवा नियम तसाच होता. प्रचारात वापरलेला शब्द त्या भागात, त्या तारखेला काट्यावर पन्नासाच्या वर शिवी ठरला, की उमेदवारी रद्द आणि सहा वर्षं निवडणुकीला बंदी.

"किती आलाय काटा?" पद्माताईंनी विचारलं.

"छप्पन. साहेब म्हणले, मालगावच्या जुन्या कार्डामुळं आलाय. कार्ड तुमचं हाय म्हनं." शालननं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सोडली. "तुमचं हाय म्हंजे खोटं न्हाई. म्या भांडायला आले न्हाई, ताई. निस्तं इचारायला आले. बापू ऐनापुऱ्यास्नी म्या वळकत व्हते. लई मऊ मानूस. त्यो असं थुकून कसा बोलला असंल?"

पद्माताईंनी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली आणि गेली. पद्माताई दार लावायचं विसरल्या.

केंद्रात गेल्या तर निलोफर काट्यापुढंच बसली होती. पडद्यावर मिरज तालुक्याचा नकाशा होता. 'उंबऱ्या'चा ठिपका शिव्यांच्या टोकाकडं ओढला गेला होता आणि त्याला ओढून धरणारी जाड रेघ मालगावच्या कार्डाकडं जात होती.

"शालनबाईंची सुनावणी उद्या तीनला आहे," निलोफर मान न वळवता म्हणाली. "केंद्राकडून मी जाणार आहे. तुम्हालाही बोलावलंय, कार्डाची ओळख पटवायला."

"तुझ्या कार्डानं काय येतो काटा? माझं काढून?"

"चव्वेचाळीस."

निलोफरनं ड्रॉवरमधून पद्माताईंचं एक जुनं कार्ड काढलं आणि वाचलं, "'म्हातारी बोलता बोलता कोंबडी हाकलत होती. तिच्या एका पायात चप्पल नव्हती.' ताई, पहिल्या दिवशी तुम्ही मला हे दाखवलं होतं. म्हणाला होतात, खऱ्या कार्डात एक तरी बिनकामाची गोष्ट असतेच, कारण जग आपल्या शब्दासाठी थांबलेलं नसतं. मी तुमची एकेचाळीसही कार्डं वाचलीत. प्रत्येकात आहे. कुणाचं दूध उतू जातंय, कुणाला शिंक येतेय." तिनं ते कार्ड खाली ठेवलं. "मालगावच्या कार्डात सगळंच कामाचं आहे."

म्हणजे या पोरीला ठाऊक होतं. पेढा भरवला तेव्हाही ठाऊक होतं की काय?

"मग कोरे सरांना का नाही सांगितलंस?"

"ते मी सांगायचं नाही," निलोफर म्हणाली आणि संगणक बंद करून उठली.

घरी जाताना पद्माताईंना तिचा इतका राग आला की रस्त्यात कुणी नमस्कार केला तेही कळलं नाही. शब्द नेले, कान नेला, नजर नेली, आणि आता चांगुलपणातही ही आपल्या पुढं गेली. तिनं चुगली केली असती तर तिच्याशी बरोबरी तरी साधता आली असती. एकतीस वर्षं उन्हातान्हात पायपीट केली ती माझी. गुडघे गेले ते माझे. उद्या 'होय, हे माझंच कार्ड' एवढे चार शब्द म्हटले की सगळं शाबूत. बापू तर मेले. शालनला सहा वर्षांनी पुन्हा उभं राहता येईल की. तेव्हा ती कितीची असेल? छप्पन. आकडा मनात आला आणि त्यांना ती आईच्या जखमेवरचं कापड ओलं करून अलगद सोडवताना दिसली.

जेवताना श्रेणिकभाऊंनी विचारलं, "काय झालंय तुला?"

"मी निलोफरवर जळते," त्या म्हणाल्या.

"ते मला तीन वर्षांपासून माहीत आहे. नवीन काय झालं?"

पद्माताईंनी सांगितलं. भाऊंचा घास हातातच राहिला. ते एवढंच म्हणाले, "उद्या मी येऊ बरोबर?"

"नको," पद्माताई म्हणाल्या.

निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पंखा कुरकुरत होता. एका बाजूला भरमूअण्णांचे वकील आणि चार माणसं. दुसऱ्या बाजूला शालन एकटी, मांडीवर पिशवी घेऊन. निलोफरनं काटा टेबलावर मांडला होता. पडद्यावर छप्पन.

अधिकारी तरुण होते. त्यांनी कार्ड पुढं सरकवलं. "हे अक्षर तुमचं?"

"होय."

"बापू ऐनापुरे यांच्या टपरीवर तुम्ही हे ऐकलंत?"

पद्माताईंनी निलोफरकडं पाहिलं. ती खाली बघत होती. निदान आत्ता तरी हिनं माझ्याकडं बघायचं होतं, असं त्यांना वाटलं.

"बापू ऐनापुऱ्यांच्या टपरीवर मी कधी चहासुद्धा प्यायले नाही," त्या म्हणाल्या. "कार्ड खोटं आहे. मी घरी बसून लिहिलं. मागच्या महिन्यात."

वकील उठून उभे राहिले. अधिकाऱ्यांनी त्यांना हातानं बसवलं. "बाई, तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला कळतंय ना? असं का केलंत?"

"हेव्यापायी."

टंकलेखक थांबला. "साहेब, हे असंच लिहू?"

"असंच लिहा," पद्माताई म्हणाल्या. "पहिलं कार्ड निलोफर तांबोळीचं होतं. ते मला बघवलं नाही. शालनचा यात काही दोष नाही."

निलोफरनं कार्ड काट्यातून काढलं. जाड रेघ नाहीशी झाली. आकडा छप्पनवरून झरझर उतरत चव्वेचाळीसवर येऊन थांबला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि अर्ज वैध असल्याचं सांगितलं. शालन उठली. पद्माताईंकडं तिनं एकदा पाहिलं आणि पिशवी काखेला मारून प्रचाराला निघून गेली. ती आभार मानेल अशी पद्माताईंचीही अपेक्षा नव्हती.

पण नियम तो नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरे सरांनी पेटीची किल्ली टेबलावर ठेवली. त्यांना नजर वर करवत नव्हती. "चौगुलेबाई, सगळी काढावी लागतील. कोशातली अक्षरंही जातील."

"काढा."

"काढायची असतात ती तुम्ही शिकवलेल्या माणसानं. नियमातच तसं लिहिलंय."

निलोफर एकेक कार्ड काढू लागली. प्रत्येक कार्डासरशी पडद्यावर कुठला तरी शब्द सैल होऊन भरकटू लागला. कुठं भांड्याचं नाव, कुठं वाऱ्याचं, कुठं बाळंतिणीच्या औषधाचं. नेटवर त्या शब्दांना संगत अशी नव्हतीच. एका खुंटीवर ते जिवंत होते. एकविसावा शब्द भरकटला तेव्हा निलोफरचा हात थांबला.

"ताई, हे शब्द मरतील."

"पुन्हा ऐकून नवीन कार्ड केलं तर नाही मरणार."

"पण ते मी केलं तर माझ्या नावावर लागेल."

"लागेलच की." पद्माताईंच्या आवाजाला धार होती आणि त्यांनी ती लपवली नाही. "मला तुझा हेवा वाटतो, निलोफर. पहिल्या दिवसापासून. आत्ताही वाटतोय."

"माहितेय मला," निलोफर म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला तुमचा वाटायचा. लोक तुमच्याशी जसं बोलायचे तसं माझ्याशी कधीच बोलले नाहीत. तुम्ही पुढं बसायचात म्हणून बोलायचे. माझे दोनशे बारा कसले, ताई? निम्मे नेटवर दिसले म्हणून मागावर जाऊन पकडलेले. तुमचे कुणाच्या घरी बसून आलेले."

हे ऐकून पद्माताईंना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांनी मनातल्या मनात माणसं मोजली. एकेचाळीसपैकी सतरा जण गेलेले. ते सतरा शब्द संपले. उरले चोवीस, त्यातली निम्मी माणसं अंथरुणाला खिळलेली, आणि कुणाचं दार कुठल्या बोळात आहे हे फक्त त्यांना ठाऊक. त्या गप्प बसल्या तर हे चोवीसही जाणार. बोलल्या तर ते सगळे 'नि. तां.' होणार. दोनशे छत्तीस. आकडा आपोआप मनात उमटला.

त्यांनी खुर्ची ओढली आणि निलोफरच्या समोर बसल्या.

"कागद घे," त्या म्हणाल्या. "हौसाबाई नाईक, आरग. देवळाच्या मागचं निळं दार. एक्याऐंशी वय. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडं बस. गेल्या गेल्या शब्द विचारू नकोस, आधी तिच्या शेळीची चौकशी कर. आणि आजच नीघ, परवापासून तिला ताप आहे."